मर्यादेत बसणारा डोळा

दि. ११ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

इकडे सर्व ठीक, तिकडेही असेलच. पुढे आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा ते राहू दे.

तुमच्या कंपनीचा ‘नभरक्षक’ बाहुला आला. वर्षभर वाट पाहून आला. कपाटातला मधला कप्पा मी त्याच्यासाठी रिकामा ठेवला होता. खोकं असं की राजाचे दागिने ठेवावेत. आणि आत? दोन्ही हात उजवे! गुडघा इतका ढिला की उभा केला की बसतो. आणि डावा डोळा रंगवलाय थेट कपाळाकडे बघणारा. आभाळाचा राखणदार म्हणून वर बघतोय म्हणावं, तर दुसरा डोळा दाराकडे! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

तक्रार केली, फोटो जोडले. उत्तर आलं, ‘सदर दोष स्वीकारार्ह मर्यादेत आहेत.’ खाली सही गुणवत्ता प्रमुखाची. म्हणजे तुझी! अरे, वर माझं नाव तरी वाचलंस का? सख्ख्या बहिणीला ‘आदरणीय ग्राहक’ म्हणतोस?

मी कवळ्या बनवते. एक दात केसभर उंच बसला तर माणूस जेवण सोडून माझ्या नावानं बोटं मोडतो. त्याला मी म्हणू, ‘काका, मर्यादेत आहे, चावा’?

मग फोन केला, तर म्हणालास, “ताई, आता एकेक पीस हातात घेऊन कोण बघतं? समोरून फोटो निघतो, फोटो ठीक तर माल पास.” वर हसलास. नोकरीच्या पहिल्या वर्षी तूच सांगायचास ना, की प्रत्येक बाहुला उलटा करून हलवतो, सांधा न् सांधा वाकवून बघतो? तो बारक्या कुठे गेला?

परत पाठवणार होते. पण बाबा म्हणाले, “आण इकडे, डोळा मी नीट करतो.” आठवतं ना, आपल्या लहानपणीच्या नभरक्षकाचे डोळे खेळून खेळून पुसले गेले, की दुकानांच्या पाट्या रंगवून आलेले बाबा तसेच खाली बसायचे आणि चार केसांच्या ब्रशनं नवे डोळे काढायचे. श्वाससुद्धा रोखून धरायचे. आपणही धरायचो.

या वेळी ब्रश डोळ्यापर्यंत पोचलाच नाही. काळा रंग गालावर, मग चादरीवर. “चष्मा बदलायला हवा,” म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले.

चष्म्याचं काही नाही. त्यांचा उजवा हात थरथरतो. पावसाळ्याच्या आधीपासून. आता चहाचा कप मी धरते, शर्टाची बटणं मी लावते. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

तुला कसं कळणार? तुझा व्हिडिओ कॉल यायच्या आधी ते केस विंचरून घेतात, अंगावर शाल ओढतात आणि उजवा हात तिच्याखाली दाबून बसतात. तू समोरून बघतोस, म्हणतोस, “वा, बाबा एकदम ठणठणीत!” आणि फोन ठेवतोस. झाला माल पास.

मला बजावलंय, “बारक्याला बोलू नकोस, त्याच्यामागे कामाचा व्याप आहे.” इतके महिने गप्प बसले. आता नाही बसणार. व्याप गेला खड्ड्यात! तीन वर्षांत उंबऱ्याला पाय लागला नाही तुझा. रागानं माझाही हात आत्ता थरथरतोय, पण माझा थांबेल.

बदली पीस कुरियरनं पाठवलास तर दारातूनच परत धाडीन. स्वतः घेऊन ये. तो गालावर काळा डाग पडलेला मात्र मी कुणाला देणार नाही. मधल्या कप्प्यात तोच बसलाय.

आणि आलास की बाबांच्या समोर बसू नकोस. उजव्या बाजूला बस. शाल बाजूला कर आणि तो हात हातात घेऊन बघ.

आशीर्वाद लिहिले नाहीत, राखून ठेवलेत. दारात आलास की देईन.

तुझी,
ताई