सेन्सॉरची शाई

रांझी, जबलपूर
ता. १४ फेब्रुवारी १९४३

चि. मुरलीधर यास अ. आ. वि. वि.

तुझे मोडीतले पत्र पोचले. गावाचे नाव लिहिण्यास तुम्हाला मनाई, पण मगरीवरून मिसर देश ओळखला. वाळवंटात ऊस, अंजीर आणि आपोआप फिरणारे रहाट आहेत ही तुझी प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान. हेतू, म्हणजे त्यामागचे कारण, मात्र 'मी पाहिले' एवढाच. पडक्या देवळातला मगरदेव पाहून तुला नर्मदामाई आठवली. आपल्याकडे मगर वाहन आहे, देवता नव्हे. मूर्तीखालच्या पोकळीत बसून पुजारी देवाच्या आवाजात बोलत, हे वाटाड्याने सांगितले म्हणतोस. वाटाडे पुष्कळ सांगतात.

मी त्या देशाविषयी वीस वर्षे वाचत आहे. आपल्या तोफांच्या कारखान्यातून तिकडे जाण्यासाठी पहिला अर्ज माझा होता. डोळ्यांनी दगा दिला, आणि गेलास तू. तुला इतिहासात कधी पस्तीस गुण पडले नाहीत. असो.

तुझ्या पत्नीस, चि. सौ. विनतास, पत्र नेहमीप्रमाणे वाचून दाखवले.

कळावे. लोभ गृहीत धरावा.
विष्णू

लष्करी टपाल
ता. ३० मार्च १९४३

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

आक्षेप मान्य. तोफा दुरुस्त करणाऱ्याने काशीत न्यायदर्शन शिकलेल्या भावाशी काय वाद घालावा!

विनताने मात्र बाळबोध लिपीत चार ओळी पाठवल्या आहेत. मी काहून एवढं कोरडं लिहून राहिलो, तिकडची वाळू माझ्या मनातही भरली काय, असे विचारते. मी तर दोन पाने बागांवर आणि एक तिच्यावर लिहिले होते. सेन्सॉरने काळे फासले असावे. तसे तिला सांगाल ना? फार रडली म्हणे.

आपल्या लोभाचा भुकेला,
मुरलीधर

रांझी
ता. ९ मे १९४३

चि. मुरलीधर यास अ. आ. वि. वि.

पत्रावर सेन्सॉरच्या शाईचा ठिपकाही नव्हता. तू देऊ केलेली सबब सोयीची होती. दोन दिवस ती वापरण्याचे ठरवलेही होते.

प्रतिज्ञा: ती पाने मी गाळली. हेतू: मत्सर. उदाहरण दूर नाही. विनतास मोडी येत नाही, म्हणून मी तुझ्या आवाजात 'प्रकृती ठीक, हवा कोरडी' एवढेच बोललो. तुझा वाटाडा खरे सांगत होता.

काल नर्मदेच्या ग्वारीघाटावर तिला हे सांगून बागांची पाने वाचून दाखवली. रहाटांच्या वर्णनापाशी ती हसली. तिच्यावरचे पान बाळबोधीत उतरवून हाती दिले. ते घेऊन ती पायऱ्यांवर लांब जाऊन बसली. 'इथे अण्णा हवे होते' ही तुझी ओळ मला याही वेळी मोठ्याने वाचता आली नाही.

यापुढे बाळबोधीत लिही, आणि तिच्या नावे. माझे डोळे अधू आहेत. ती मला वाचून दाखवील. गाळायचे ते ती गाळील.

लोभ उरला असल्यास कळवावे.
विष्णू