दोन दारांची चंद्रगाडी

६ नोव्हेंबर १९५७, बुधवार

दादानं आज भिंतीवर डोकं आपटून घेतलं. पाच वेळा! मी मधे हात घातला तर माझीच बोटं चेंगरली. कारण काय, तर वर्तमानपत्र. रशियानं आभाळात यान सोडलंय, आत जिवंत कुत्री आहे. मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. "परत कशी आणणार तिला?" दादानं विचारलं. आणणार नाहीत असं लिहिलंय, म्हटलं. झालं!

मला कळायला हवं होतं. काश्मिरात त्याची लष्करी गाडी सुरुंगावर गेली, पेटली. हा बाहेर फेकला गेला. सोबतचा तात्याबा आत राहिला — दार उघडेना. नऊ वर्षं झाली, दादाच्या कानात तात्याबा अजून ओरडतोच आहे.

८ नोव्हेंबर

शाळेत शिकवून आले तर ओसरीवर सिकंदरभाई. शेजारी त्यांचं सायकलचं दुकान. मेहुणा बोटीवर खलाशी आहे, त्यानं विलायतेहून डबा आणलाय — प्लास्टिकच्या विटा! लाल, पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या. वर बारीक गुंड्या. एकीवर एक दाबली की टक्कन बसते.

"आमच्यात लेकरू न्हाय. रावजीभाऊला ऱ्हाऊ दे. हात गुतला की डोस्कं शांत व्हतंय."

डबा दादाच्या हातात दिला. तो जेवलाही नाही. दाबत बसला.

११ नोव्हेंबर

गाडी झाली! चंद्रावर चालायची, म्हणतो. खाली सहा चाकं — त्यासाठी लष्करी कोटाची पितळी बटणं तोडली. पुढं दोन सोंडा, दगड बाजूला सारायला. वर घुमट. कुत्रीला तिथून घ्यायचं, म्हणे. दारं दोन.

"येक अडाकलं तर दुसरं."



१४ नोव्हेंबर

महिपती आला होता. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही अजून, कागदावर घेते. लोणी भापकरहून सकाळच्या एसटीनं आला. पाच वर्षं त्याचा मार खाल्ला, कानाचा पडदा फाटला तेव्हा इंदापूरला दादाकडं निघून आले होते.

"चल घरी. मास्तरीण झालीस म्हंजी माझी बायकू न्हाईस व्हय?"

केसाला धरून ओसरीवरून खाली ओढलं. गुडघे सोलले. दादा गाडी हातात घेऊनच धावला. महिपतीनं ती हिसकली, खाली टाकली आणि पायताणाखाली चिरडली. वर टाच फिरवली.

मग दादानं कमरेचा पट्टा काढला. बक्कलाच्या बाजूनं मारत होता. ओठ फाटला, दात पडला, तरी थांबेना! पट्टा गळ्याभोवती आवळला तेव्हा महिपतीचे डोळे पांढरे झाले. सिकंदरभाईंनी मागून मिठी घालून दादाला ओढलं, म्हणून वाचला.

खरं लिहू? दादानं थांबू नये असं वाटत होतं मला.

१५ नोव्हेंबर

फौजदार येऊन गेले. पुन्हा हात उचलला तर वेड्यांच्या इस्पितळात धाडीन, म्हणाले. ते गेल्यावर दादाचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतले, शपथ घातली — कुणी काही केलं तरी हात उचलायचा नाही.

"तू म्हणशील तसं, सिंधू."

१९ नोव्हेंबर

विटा सापडल्या तेवढ्या धुतल्या. सात फुटल्यात. नवी गाडी सुरू.

२४ नोव्हेंबर, रविवार

ही आधीच्याहून मोठी! चाकं रुतली तर उठायला खेकड्यासारखे पाय. सिकंदरभाईंनी दुकानातले छर्रे दिले, त्यावर घुमट गरगर फिरतो. दादा हसला! "बस आत, तुला लोणीवरनं उडवत नेतो." एवढीशी गाडी, माझा अंगठासुद्धा मावणार नाही. पण बसल्यासारखं केलं. दोघंही हसलो.

२८ नोव्हेंबर

महिपती मेला. दादाला बेड्या घालून नेलं.

२९ नोव्हेंबर

फौजदारांनी जबानी घेतली. मी सांगितलं ते असं —

दुपारी महिपती काठी घेऊन आला. दादा ओसरीच्या आतल्या बाजूला गाडी जुळवत होता. पहिली काठी पाठीत बसली. दुसरी खांद्यावर. दादा उठला नाही. गाडी पोटाशी धरून वाकला फक्त. "ऊठ की रं, मिल्ट्रीवाल्या! आता कुठं गेला तुजा पट्टा?" काठी पडतच होती. उजवं मनगट मोडलं, आवाज आला. डोकं फुटलं, विटांवर रक्त. मग दादा उठला, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि महिपतीच्या कानशिलात घातला.

सही केली.

"येडं माणूस. आज ना उद्या हे व्हायाचंच हुतं," फौजदार म्हणाले. गावही तेच म्हणतंय.

संध्याकाळी सिकंदरभाई आले. ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "सिंधूताई, मनगट मोडल्यावर त्यानं वरवंटा कंच्या हातानं उचलला?"

मी आत गेले. दार लावलं.

१ डिसेंबर

वरवंटा मी उचलला. तीनदा घातला. दुसऱ्यांदा घातला तेव्हाच महिपती पडला होता. दादा ओरडत होता, "नगं सिंधू, नगं!" डाव्या हातानं वरवंटा माझ्याकडून काढून घेतला, माझ्या हातांचं रक्त स्वतःच्या सदऱ्याला पुसलं. "मला येडा म्हणत्यातच. तू गप ऱ्हा."

शपथेनंतर त्यानं हात उचलला नाही. एकदाही नाही.

ही वही फौजदारांना देणार आहे. सिकंदरभाई बाहेर थांबलेत. निघते.