श्वासापुरती जागा

हार्लिंगन,
४ नोव्हेंबर

प्रिय येल्त्येताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं, म्हणून लिहिते. कर्करोगात गेलेल्या स्तनाच्या जागी नवा उभा करायचा म्हणून स्नायूखाली पिशवी बसवली आहे, ते तुला ठाऊकच. जागा ताणावी म्हणून अधूनमधून तिच्यात सुईने खारं पाणी भरतात. या खेपेला भरल्यापासून छातीला घोड्याचा पट्टा आवळल्यासारखं वाटतं. नर्स म्हणाली, आवळणारच, हळूहळू सैलावेल.

पण कालपासून हे काही निराळंच आहे. खोल श्वास घेतला की बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं होतं. जिन्यात मधेच बसावं लागलं. डाऊवेने विचारलं, तर म्हटलं मोजा शोधतेय. नवरा माझा इतका भोळा, की तोही शोधायला लागला!

ताई, रोग परत आला असेल का गं? डॉक्टरांना विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल. म्हणून पुढच्या तपासणीपर्यंत गप्पच बसणार आहे. तूही कुणाला बोलू नकोस.

माझ्यावर चिडलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी
वीत्स्के

---

तेर्सखेलिंग,
६ नोव्हेंबर

चि. वीत्स्केस,
अनेक आशीर्वाद.

मी बोलले. तू फोन उचलेनास, म्हणून डाऊवेला कामावर फोन करून गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तो नुसतं ‘निघालो’ म्हणाला. नंतर इस्पितळातून त्याचा फोन आला, की तुझे ओठ निळसर दिसत होते आणि तुला आत नेलंय.

वाऱ्यामुळे बेटावरून सुटणाऱ्या बोटी बंद आहेत. बंदरावर जाऊन तिकीटवाल्याशी भांडले. तो म्हणाला, बाई, समुद्र माझं ऐकत नाही. घरी आले, वाटाण्याचं सूप चढवलं, करपवलं. हातांना काहीतरी हवं म्हणून हे लिहितेय. तू हे वाचशील ना? वाचून मला चहाडखोर म्हण, हवं ते म्हण. मूर्ख मुली, मला तू हवी आहेस.

तुझा राग झेलायला तयार असलेली,
ताई

---

हार्लिंगन,
१२ नोव्हेंबर

प्रिय चहाडखोर ताईस,
सा. न. वि. वि.

काल घरी आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थांबला असतात तर आपली भेट झाली नसती. रोग परतलेला नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. पट्टा अजून आवळतोच, पण तो पिशवीचा. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज थोडा खांदा उचलायला लावते. सुरी मात्र गेली. तरी झोपताना भीती वाटते. डाऊवे माझा श्वास ऐकत पडून राहतो आणि झोपल्याचं सोंग करतो.

एक सांगू? टाके निघाल्यापासून मी छातीकडे पाहिलेलं नाही. अंघोळीतही मान वर ठेवते. डाऊवेलाही पाहू दिलं नाही. बोटी सुरू झाल्यात. तू ये. आधी तू बघ, मग मी तुझ्या तोंडाकडे बघेन. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तूच हवीस.

वाट पाहणारी,
तुझी वीत्स्के