तुझ्या वाटचा अर्धा

प्रिय इमास तेतेह,

आधीच सांगते, चुका खूप असतील, हसू नकोस. शाळा सोडल्यापासून मी लिहिलंय काय, तर शिवणखान्यात शर्टांच्या गठ्ठ्यांवर एस, एम, एल. त्यात मोबाईलची काच तडकलीय, एकेक अक्षर दोनदा दाबावं लागतं. फोनच केला असता, पण फोनवर तू विचारतेस, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "हं." आणि संपतंच. तिकडे तैवानात ज्या म्हाताऱ्या आजीला सांभाळायचं तुझं काम आहे, तिला झोपवलंस की निवांत वाच.

परवा दागोच्या चढावर नवीन कॅफे निघालंय तिथे गेले. एकटी. तुला खरं नाही वाटणार. तू होतीस तेव्हा काउंटरवर तूच बोलायचीस आणि मी तुझ्या मागे, डोक्यावरच्या ओढणीचं टोक चावत. आठवतं, पहिल्यांदा क्रॉफल खाल्लं ते? क्रॉसाँचं पीठ वॉफलच्या साच्यात दाबलेलं. तू काउंटरवरच्या पोराला तोंडावर विचारलंस, "दादा, ह्याच्यावर कोण बसलं होतं?" मी लाजून मेले. तो मात्र हसला आणि वर आइस्क्रीमचा गोळा फुकट घातला. मग क्रॉम्बोलोनी आली, गोल क्रॉसाँ आणि आत क्रीम, तेव्हा अख्ख्या बांडुंगात रांगा. आपणही उभ्या राहिलो उन्हात. तू सुरीने कापायचीस, मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचीस आणि म्हणायचीस, "सारखेच आहेत बघ."

तू गेल्यावरही काही नवीन निघालं की मी आणते. कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच, तिथे नुसतं बोट दाखवलं तरी चालतं. अर्धा खाते, अर्धा कागदात गुंडाळून फडताळात ठेवते. आई ओरडते, "कुणासाठी ठेवतेस गं? मुंग्यांसाठी?" सकाळी तो चामट झालेला असतो. मग मीच खाते, चहात बुडवून. येडपटपणा आहे, मला कळतं. पण अख्खा एकटीने खाववत नाही. आणि ईदला तू येणार होतीस ना. कुठे कुठे जायचं, सगळं मनात ठरवून ठेवलं होतं.

तर कॅफेत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती जणी?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "दोघी." आता परत कोण सांगणार? तिने दोन बशा दिल्या, दोन काटे दिले. क्रॉसाँच होता, पण क्लेपोनच्या उकडलेल्या गोळ्यांत असतो तसा आत ताडाच्या गुळाचा पाक आणि वर खोबरं. मी कोपऱ्यात बसले. समोरची बशी रिकामी. शेजारच्या टेबलावर एक बाई, आपल्या आईपेक्षा मोठी, नुसती कॉफी घेऊन बसलेली. आणि तुला माहितीय आपलं कसं असतं. शेजारी माणूस असलं की "घ्या ना" म्हटल्याशिवाय घास तोंडात जात नाही. तसं म्हटलं मी, हळूच, खाली बघून. आता समोरच्याने "खा खा, तुम्ही खा" म्हणायचं आणि आपण खायचं, एवढंच ना ते?

तर बाई म्हणाली, "दे की!" आणि खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आलीच.

माझा चेहरा बघून मोठ्याने हसली. सगळं कॅफे वळून बघायला लागलं. म्हणाली, "तुम्ही इकडची माणसं तोंडाने घ्या म्हणता आणि डोळ्यांनी नको म्हणता. मी मेदानची आहे पोरी. मी तोंडाचं ऐकते." मग स्वतःच कापलं आणि मोठा तुकडा स्वतःकडे घेतला! पहिल्याच घासाला पाक हनुवटीवरून पार ब्लाउजवर. पुसत पुसत म्हणते, "हे काय, क्लेपोनला नुसता कोट घातलाय." मला हसू आलं, तेतेह. आवाज निघाला हसण्याचा. तिचं नाव तियुर्मा. मुलगी समोरच्या दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्युटी संपेपर्यंत बाई इथे बसते. दुसऱ्या बशीकडे बघून तिने विचारलं, "कुणी यायचं होतं का?" मी म्हटलं, "मोठी बहीण, माझी तेतेह. येत नाहीये ती." पहिल्यांदाच मोठ्याने बोलले हे. तिने बशीतलं पडलेलं खोबरं बोटाने गोळा केलं आणि खाल्लं. निघताना म्हणाली, "बुधवारी ये. तेव्हा मी आणते, आणि तुला अर्धाच मिळेल, सांगून ठेवते."

म्हणून लिहिलं. मला माहितीय. कॅफेत गेले त्याच्या आदल्या रात्री आईने तुझा फोन स्पीकरवर टाकला होता, भांडी घासता घासता, आणि मी दाराशी होते. तू तिथलं काम अजून तीन वर्षं वाढवून घेतलंस. "युयुनला एवढ्यात नको सांगू, रडेल," असं म्हणालीस तिला. नाही रडले. दुसऱ्या दिवशी दागोला गेले. घरी आणायला काही उरलं नाही, फडताळात कागद नाही. तुझ्या वाटचा अर्धा मी दिला, रागवू नकोस. बुधवारी परत जाणार आहे. पण तू नाही येणार हे मला तू सांग. आईने नाही. बोलायला जमत नसेल तर लिही, चुकलं तरी चालेल, माझंही चुकलंच असेल.

अगं, आणि आपला ओयेन बोका नव्हताच! काल तुझ्या जुन्या दप्तरात तीन पिल्लं घातली त्याने. तिने.

तुझीच,
युयुन