व्हय म्हाराजा

११ मार्च
लिहावं लागतंय, कारण घरात बोलायला एकच माणूस आहे आणि तिला हे कळता कामा नये. सानवी, माझी नात. सहा वर्षांची. आई-बाप दोघंही गेले. गेल्या महिन्यात मी चक्कर येऊन न्हाणीत पडले. शेजारच्या तुळसाने उचललं. पोरीला सांगायचं नाही, अशी तिला तंबी दिली. डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप. म्हणून मीच कोर्टात अर्ज केलाय — पोरीला तिची मावशी नम्रता आणि मावशीचा नवरा ओमकार यांना दत्तक द्यायची परवानगी मिळावी. हेदवीला राहतात. माणसं चांगली. विषय संपला.

२० मार्च
नम्रता हापूसची पेटी घेऊन आली. वकील नेमके समोर! ते ताडकन उठले. "बाई, परत पाठवा! मुलीच्या बदल्यात काही घेतलं नाही, हे कोर्टाला पटवायचंय."
"अहो, आंबे आहेत. दरवर्षी देतो काकूंना."
"तोच मोबदला!"
पेटी रिक्षातून परत गेली. सानवी गेटपर्यंत मागे धावली. पेटीसाठी. मावशीसाठी नव्हे.

२६ मार्च
माझे दीर, दादूभावोजी, सानवीला गावच्या देवळात घेऊन गेले. कोर्टाचं काम, गाऱ्हाणं घातलेलं बरं म्हणे! गुरव एकेक मागणं म्हणतो, सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. "आजी, मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं!"

३ एप्रिल
तारीख. मी बजावलं होतं — न्यायाधीश मोठे असतात, उंचावर बसतात, अदबीने बोल. तिथेच घोळ झाला.
"मावशीकडे राहायला आवडेल?"
हात जोडून, "व्हय म्हाराजा!"
"की आजीकडेच राहायचंय?"
"व्हय म्हाराजा!"
साहेब नागपूरकडचे. "हिला कोणी पढवलं?"
म्हटलं, "आमच्या घरात पढवत नाहीत. शिकवतात."
वकिलांनी कपाळाला हात लावला. पुढची तारीख.

४ एप्रिल
दादूभावोजींशी बोलत नाही.

१६ एप्रिल
या वेळी साहेबांनी आपल्या खोलीत बोलावलं. त्यांना कोणीतरी समजावलं असावं. म्हणाले, "आज तूच घाल गाऱ्हाणं. मी ऐकतो."
सानवीने डोळे मिटले. "बा म्हाराजा, मला मावशीकडे ने. तिकडे कुत्रा आहे."
"व्हय म्हाराजा!" — दारातला शिपाई! इथलाच. जीभ चावली त्याने.
"आजी न्हाणीत पडली. तुळसाकाकूने सांगितलं मला. आजी खूप जड आहे, मला उचलता येणार नाही. तिला बरी कर. मग मला परत आण."
आता शिपाई नव्हे, साहेबच पुटपुटले, "व्हय म्हाराजा."
मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

२९ एप्रिल
परवानगी मिळाली. गाडीतून मान बाहेर काढून, "आजी, रडणार नाहीस ना?"
"व्हय म्हाराजा."
दिलं — सानवी, दप्तर, कपड्यांच्या दोन पिशव्या, लसींचं कार्ड.
घेतलं — हापूसची पेटी. आता हरकत नाही, वकील म्हणाले.
सुतळी अजून सोडलेली नाही.