माझ्या कार्डावर ताईंची बोटं

१६ मे
ताईंचा तेरावा परवा झाला. पाहुणे गेले. मंडपवाला चार खुर्च्या कमी भरल्या म्हणून वाद घालत होता. चार नव्हत्या, दोनच. मी भांडले. मोठी जाऊ वारून पंधरा दिवस झाले नाहीत आणि ही खुर्च्यांवरून भांडते, असं बायकांनी पाहिलं. पाहू दे.
रडू अजून नाही. नणंद म्हणाली, "वैनी, रडून घ्या, नाही त छातीत बसते." घ्या म्हणून येतं का ते?

१९ मे
सकाळी शेडनेटमध्ये जाऊन आले. दोन जाळ्या शेजारी शेजारी, एक ताईंच्या नावावर, एक माझ्या. दोन्हींत गवत. काम नसताना मी तिथे काय करत होते, माहीत नाही. अर्धा तास उभी होते.
सोळा वर्षं आम्ही दोघींनी कंपनीसाठी मिरचीचं बी केलं. कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, आतला नर काढायचा, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. दिवसभर तेच. ताई बोलत बोलत करायच्या. मी गप्प. ताईंचं काम तरी माझ्यापेक्षा पुढे असायचं, याचा मला राग यायचा. आज लिहायला हरकत नाही.

२२ मे
गजूभाऊ आला. कंपनीचा आमच्या गावचा ऑर्गनायझर, त्याच्यामार्फतच सगळं. १२ जूनला देऊळगाव राजाच्या ऑफिसात मेल-फिमेलचं वाटप. म्हणाला, "दोघींचे कार्डं घेऊन या वैनी." मग स्वतःच चपापला. चहा न घेता गेला.
मेल-फिमेल म्हणजे मूळ बी. ते चोरून दुसऱ्याला विकतात, म्हणून कंपनी त्याला जिवापाड जपते. त्यासाठीच ही कार्डं. सीडीसारखी चकाकणारी रुंद पट्टी, तिच्यात फोटो, दहाही बोटं, सही, रक्तगट, आजवरच्या प्रत्येक हंगामाची नोंद. मोबाइलची रेंज असो नसो, मशीन कार्ड वाचतं, काचेवर बोट ठेवायचं, जुळलं तरच पुडी.
माझ्या कार्डावर बोटं ताईंची आहेत. हे आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

२३ मे
काल लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. कार्डाचा कॅम्प शाळेत होता, ऐन हंगामात. चिमट्याने आणि मिरचीच्या रसाने माझी बोटं पार गुळगुळीत झालेली. काचेवर चारदा ठेवली, मशीन काही घेईना. मागे बायकांची रांग, प्रत्येकीला फुलं बंद व्हायच्या आत नेटमध्ये परतायचं. मशीनवाला स्क्रीनमधून मान वर करत नव्हता. ताई त्या वर्षी सासूबाईंच्या दुखण्यात घरीच, त्यांची बोटं शाबूत. स्वतःचं कार्ड झालं होतं, तरी बाजूलाच उभ्या होत्या. पदराआडून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "माही घे. कोण पाहून राह्यलं?"
कोणीच पाहत नव्हतं. फोटो माझा, नाव माझं.
मग दरवर्षी वाटपाला दोघी बरोबर. कार्ड मी पुढे करायची, बोट ताई. तिकडच्या माणसाला गर्दीत हातच हात दिसायचे. आम्ही बाहेर येऊन हसायचो. म्हणजे ताई हसायच्या, मी इकडेतिकडे बघायची.

२६ मे
ह्यांना सांगितलं. ह्यांना एवढी वर्षं माहीत नव्हतं. आधी शिव्या, मग हिशोबी डोकं चाललं. दुपारी गजूभाऊशी बोलून आले. "यंदा तो मशीनले नाही दावत. बोट उमटत नाही असं लिहून तुह्या सहीवर पुडी देते. पुढच्या साली पाहू. तू फक्त तोंड उघडू नको."
बरं म्हटलं. एवढं सोपं होतं तर बरंच.

२८ मे
पल्लवी, ताईंची मुलगी. वीस पूर्ण. बाप ती लहान असतानाच गेला. आज पहिल्यांदा स्वतःहून बोलायला आली. ताईंची जाळी तिला स्वतःच्या नावावर हवी आहे. "काकू, नेट माह्या नावावर झालं त मी इथंच राहते. नाही त मामा सुलतानपूरले घेऊन जाते. त्यानं पोरगा पाहून ठेवला."
पोरगा कसा आहे विचारलं. "मी पाह्यलाच नाही. मले पाहाचा बी नाही."
करू म्हटलं. कागद जमवते, म्हटलं.

३० मे
वारसाचं गजूभाऊला विचारलं. तो मानच हलवायला लागला. कार्ड वारसाच्या नावावर करताना मेलेल्या माणसाची बोटं गावातल्या सगळ्या कार्डांशी ताडून पाहतात, कारण पुरुषांनी दोन-दोन नावांनी प्लॉट घेतले होते. "वैनी, तुमचं कार्ड निघन ना त्याच्यात. मंग दोन्ही बंद. सगळ्या गावाले बियाणं देतीन का नाही, भरवसा नाही."
म्हणजे मी गप्प बसले तर माझी जाळी राहते. पल्लवीचं नाव लावायला गेले तर दोन्ही जातात, किंवा काय होतं ते कुणाला ठाऊक नाही.
घरी येऊन भाकरी टाकल्या. दोन करपल्या. ह्यांनी तशाच खाल्ल्या.

२ जून
गजूभाऊकडून ऑफिसातल्या मशीनवाल्याचा नंबर घेतला, नाव न सांगता विचारलं, कार्डावरची बोटं बदलता येतात का. म्हणाला, "नवं लिहिता येतं, जुनं खोडता येत नाही. लेझरने कोरलेलं असतं. नवं शेजारी बसतं, जुनं तसंच दिसतं." आवाज पुण्याकडचा, फार सभ्य. कोण बोलतंय विचारलं तेव्हा मी फोन ठेवला.

५ जून
पल्लवीने कागदांचं विचारलं. ग्रामपंचायतीचा वारसाचा दाखला यायचाय, असं खोटं सांगितलं. दाखला कपाटात आहे, साड्यांखाली. आठवड्यापासून.
मला काही वाटत नाही. वाटायला हवं म्हणून वाट बघते, तेही येत नाही. ताईंचं लुगडं वाळत टाकलं, घडी घातली, ठेवलं. नुसतं काम.

८ जून
मामा आला. माणूस वाईट नाही, पल्लवीसाठी चपला घेऊन आलेला. तिला उद्या न्यायचं म्हणाला. ती आत बॅग भरायला लागली. न रडता, न बोलता, माझ्यासारखीच. ते मला बघवेना.
आत गेले, दार लोटलं, सगळं सांगितलं. कॅम्प, पदर, काच, दाखला साड्यांखाली.
ती हातातली ओढणी गुंडाळत होती. मग म्हणाली, "दरसाल तुम्ही आईले सोबत न्यायच्या ते याच्यासाठी?"
"हाव."
"मले वाटे तुमचं दोघींचं पटते म्हणून."
पटायचं का? चूल वेगळी करायची म्हणून दोनदा मीच हट्ट धरला होता. भजनाला त्यांच्याशेजारी बसायचे नाही. पण वाटपाच्या दिवशी बस यायच्या तासभर आधी तयार होऊन मी त्यांच्या दारात उभी असायचे, हेही खरं. हे पल्लवीला सांगायला जमलं नाही.
मामाला म्हटलं, बारा तारखेपर्यंत थांबा. तो बरं म्हणून चपला ठेवून गेला.

१० जून
बारा तारखेला ऑफिसात खरं सांगते म्हटल्यावर ह्यांचा आवाज गल्लीत ऐकू गेला. "दोन्ही नेट जातीन! पल्लवीले आपल्या नेटात कामाले घे की. नाव कायले पाह्यजे तिले?"
मी म्हटलं, मला काऊन पाहिजे होतं?
ते पाटावर जाऊन बसले. मी वाढलं. जेवणं झाली.

१२ जून
पल्लवीला घेऊन आठची बस धरली. गजूभाऊ ऑफिसच्या दारात भेटला, माझ्या हातात दोन कार्डं आणि दाखला पाहून म्हणाला, "वैनी, मी तुमाले पाह्यलंच नाही," आणि पानटपरीकडे गेला. त्याचं पोट आहे, त्याला दोष नाही.
मशीनवर तोच सभ्य आवाजाचा माणूस. चष्मा, पोरसवदा चेहरा. दोन्ही कार्डं समोर ठेवली. आधी माझं कार्ड घातलं, माझं बोट ठेवायला सांगितलं. काचेने लगेच घेतलं, रेषा न् रेषा. महिनोन्‌महिने चिमटा धरला नव्हता. तो म्हणाला, "बोट छान आलंय, पण जुळत नाही. हे कार्ड तुमचं नाही."
"फोटो पाहा."
फोटो पाहिला. मला पाहिलं. मग पट्टीत जे जे होतं ते उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दरवर्षीचं वाटप, तारीख, वेळ, खाली त्या दिवशीचं बोट. एकाखाली एक. एका वर्षीच्या बोटावर आडवा चरा होता. विळा लागला होता ताईंना, चिंधी सोडून, बोट धुऊन माझ्यासाठी काचेवर ठेवलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, लवकर करा, बस जाईल.
"हा हात कोणाचा?" त्याने विचारलं.
"माह्या जाऊचा. मेली ती."
हे मी एवढ्या दिवसांत एकदाही म्हटलं नव्हतं. गेल्या, वारल्या, नाहीत, असंच म्हणायचे. तिथे त्या टेबलाशी उभ्या उभ्या मला रडू आलं आणि थांबेना. पल्लवीने मला धरलं नाही. ती स्क्रीनकडे बघत होती. आईच्या बोटाच्या चित्रावर तिने आपलं बोट टेकवलं, तर तो म्हणाला, "स्क्रीनला हात लावू नका, प्लीज." तिने काढला नाही. त्यानेही परत म्हटलं नाही.
सगळं लिहून घेतलं. माझा जबाब, पल्लवीचा अर्ज. दोन्ही कार्डं ठेवून घेतली. पुडी कुणालाच नाही. वरच्या ऑफिसातून पत्र येईल म्हणाला. पेरणीच्या आत का, ते सांगता येत नाही.
बसमध्ये पल्लवी म्हणाली, "मामाले काय सांगू?" मी म्हटलं, पत्र यायचंय असं सांग. या खेपेला ते खरं होतं.
पत्र दोघींना वेगवेगळं येईल की एकच, हे विचारायचं राहिलं.