तिसरी पुकार

१८ सप्टेंबर १९९४, रवि.
उपासनेत पाळकसाहेबांनी आमची नावं दुसऱ्यांदा पुकारली. दानीएल नि मी. "या लग्नाला कुणाची हरकत असली तर सांगा." कुणाचीच न्हाई. आत्या तेवढी खोकली. तीन रविवार पुकारतात; एक राहिला, मग लग्न. दा. सुरतेला कापडाच्या मागावर कामाला. पुढच्या रविवारी पोचतो असं पत्र.

२४ सप्टें.
प्लेग. आपल्या जिल्ह्यात महिन्यापासून गोळ्या वाटतायत, त्याची सवय झालती. आता रेडिओवर सुरत. सुरतच कावून? मी शिकवते ती बालवाडी बंद, मी घरी. सरपंचांनी भोंग्यावरून सांगितलं, कुठंच गर्दी करायची न्हाई. म्हणजे उद्याची उपासना बंद, पुकारही बंद. देवावर चिडले. माफी मागितली. परत चिडले.

२५, रवि.
दा. आला. नांदूरघाटापासून चालत, गाडीत लोकांनी बसू दिलं न्हाई. वेशीवरच अडवला. "सुरतेचा हाय, आत घेऊ नका." सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. शेवटी पा.सा.नी प्रार्थनामंदिराची किल्ली दिली. "तसंबी रिकामंच हाय." आम्हां सगळ्यांना मंदिर बंद, आणि हा एकटा आत.
जेवण आमच्याकडून. बाबा म्हणाले, ताट पायरीवर ठेवायचं नि माघारी फिरायचं. बाबा मंडळीचे पंच. घरातही पंचच.

२७
ताट ठेवून वळले तर खिडकीतून दा., पाळकसाहेबांच्या आवाजात: "हरकत असली तर सांगा." म्हटलं, "माझी हाय. कालचं ताट घासलं न्हाईस." लई दिवसांनी हसले.
घरी आत्या तयारच. म्हणे, नवरदेवानं आख्ख्या गावाला घोर लावला.

२९
दा.ला ताप. खिडकीचा गज धरून कापत होता. म्हणाला, कुणाला सांगू नको, गाडीत घालून नेतील, मग कसलं लग्न. माझी गोधडी नेऊन दिली. आत गेले, हो. कपाळाला हात लावला. गाठ कुठंच न्हाई म्हणतो. मी कुठं बघणार.

३०
ताप उतरला. आरोग्यसेविका खिडकीतून विचारून गेली, ताप वगैरे? दा. म्हणाला, न्हाई. मी शेजारीच उभी, गप्प. रविवारच्या शाळेत पोरांकडून दहा आज्ञा, 'खोटी साक्ष देऊ नको' धरून, मीच पाठ करून घेते.

२ ऑक्टो., रवि.
घरीच प्रार्थना. बाबांनी गावासाठी मागितलं, जिल्ह्यासाठी, सुरतेसाठी. दा.चं नाव न्हाई. आमेन म्हटल्याबरोबर विचारलं, "एस्तेर, तुझी गोधडी कुठंय?"
"धुतलीय."
सारखी काख चाचपते. अंग गरम लागतं, मग वाटतं चुलीपुढं बसले म्हणून. माझ्यामुळं बाबांना झालं तर? सांगावं तर दा.ला नेतील, न सांगावं तर

६
मला काही झालं न्हाई. दा.ही ठणठणीत. निरोप आला, रविवारी उपासना बाहेर लिंबाखाली, लांब-लांब बसून. तिसरी पुकार होणार. आनंदानं भाकरी करपली.
आत्या बाबांना: "दादा, तूच उठ रविवारी. बापाला हरकत घेता येती."
बाबा: "येती." बस, एवढंच. विचारायची छाती झाली न्हाई. सकाळपासून तीनदा अंगण झाडलं.

९, रवि.
सगळे लिंबाखाली, दा. मंदिराच्या दारात एकटा. नावं पुकारली. "हरकत असली तर सांगा."
बाबा उठले. टोपी हातात.
"हरकत न्हाई. एक विचारायचंय. दानीएल, माझ्या लेकीची गोधडी तुझ्याकडं कावून हाय?"
दा.नं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ताप आलता. एक दिवस. मीच तिला गप्प बसवलं."
मी उठले. म्हटलं, मी माझी गप्प बसले. मंडळी दोन पावलं मागं सरकली, आत्या चार. पा.सा.नी वही मिटली. "पुढल्या रविवारी बघू." म्हणजे पुकार झाली का न्हाई? त्यांनाबी ठाऊक न्हाई.
वाटभर बाबा माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
दिवेलागणीला ताट वाढलं. बाबांनी हातातून काढून घेतलं. "आज मी नेतो."
तास होत आला. आमच्या दारातून मंदिराची पायरी दिसते. पायरीवर ताट न्हाई. बाबाबी न्हाईत. खिडकीत दिवा, नि सावल्या दोन.